ओहोटीला कुलाबा किल्ला: अलिबागच्या समुद्रातून चालत जाण्याचं गणित

अलिबागच्या किनाऱ्यापासून कुलाबा किल्ला साधारण एक किलोमीटरवर समुद्रात आहे. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि घोटाळा इथेच होतो. लोक ओहोटीची वेळ विचारतात, किनाऱ्यावर पोचतात आणि पाहतात तर मध्ये कमरेएवढं पाणी. वेळ बरोबरच होती, पण त्या दिवशी पाणी मुळात तेवढंच उतरणार होतं. म्हणून वेळेच्या आधी आकडा बघायचा: ओहोटीला पाणी किती मीटरपर्यंत खाली जाणार आहे, तो.

तक्ता वाचताना

अलिबागसाठी मुंबईचा, म्हणजे अपोलो बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता चालतो. फरक पडला तर काही मिनिटांचा. तक्त्यात दिवसाला चार नोंदी असतात, दोन भरतीच्या आणि दोन ओहोटीच्या. क्वचित तीनच सापडतात, कारण चौथी मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात गेलेली असते. प्रत्येक नोंदीत वेळ आणि उंची दिलेली असते.

उंचीचा आकडा म्हणजे वाटेवरच्या पाण्याची खोली नव्हे. ०.६ मीटर वाचून ‘गुडघाभर पाणी असणार’ असा अंदाज बरेच जण बांधतात. तक्त्यातला शून्य ही अगदी मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं त्याच्या आसपासची ठरवून घेतलेली पातळी आहे आणि सगळी मापं तिच्यापासून धरतात. ०.६ म्हणजे त्या पातळीच्या वर साठ सेंटिमीटर. किल्ल्याची वाट या शून्य पातळीपेक्षा उंच असल्यामुळेच ती उघडी पडते. एक मीटरच्या खालचा आकडा असलेली ओहोटी निवडा. एक ते दीडच्या मधे असेल तर पाय भिजायची तयारी ठेवून, स्थानिकांना विचारून जा. दोनच्या आसपास असेल तर चालण्याचा विचार सोडा.

शिवाय एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. मुंबई-अलिबागच्या समुद्रात एक चांगली खाली जाते आणि दुसरी अर्धवटच उतरते. दोन्हींत एक मीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर पडू शकतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हिवाळ्यात संध्याकाळकडची ओहोटी खोल असते आणि उन्हाळ्याच्या शेवटाकडे पहाट-सकाळची. फाल्गुन-चैत्रात आणि भाद्रपद-आश्विनात उधाणाला दोन्ही साधारण सारख्या उतरतात. त्यामुळे डिसेंबरात ‘सकाळी ओहोटी आहे’ एवढ्यावर कुटुंबाला घेऊन निघालात तर सकाळची ओहोटी दगा देऊ शकते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तीच वाट कोरडी मिळते.

तिथीवरून दिवस कसा निवडायचा

तक्ता हाताशी नसेल तर भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हीच वेळ दुपारी-संध्याकाळी आणि हीच रात्री-पहाटे. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती येते. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, तिथीचा आकडा तोच, त्यामुळे वेळही तीच. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. सहलीचा दिवस ठरवायला तो चालेल, पाण्यात पाय टाकायची वेळ ठरवायला चालणार नाही.

आता या हिशोबाला उधाण आणि भांग जोडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः त्यानंतरचे एक-दोन दिवस, उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. पण त्या दिवशी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे हिवाळ्यात चालणं अंधारात. अष्टमीच्या आसपास भांग असतो. ओहोटी भर दुपारी बाराला, सहलीला अगदी सोयीची, पण पाणी धड उतरत नाही. शनिवार-रविवार अष्टमी-नवमीला आला की किनाऱ्यावर हिरमुसलेल्या लोकांची गर्दी का दिसते, त्याचं कारण हेच.

कामाचे दिवस या दोन्हींच्या मधले. तृतीया ते पंचमी ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहा. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन ते पावणेचार. हिवाळ्यात द्वादशी-त्रयोदशीची दुपार घ्या, एप्रिल-मेमध्ये तृतीया-चतुर्थीची सकाळ. किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला चतुर्थीचं दर्शन घेणाऱ्यांचं समुद्राशी बरं जुळलेलं आहे: विनायकी असो की संकष्टी, चतुर्थीची ओहोटी नऊच्या आगेमागेच. माघी गणेश जयंतीला मात्र दिवस हिवाळ्याचे असतात, सकाळचं पाणी कमी उतरतं. तेव्हा आकडा बघून घ्या.

सकाळ आणि दुपार यांत आणखी एक फरक आहे. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि पाणी शांत असतं. दुपारनंतर खारे वारे सुरू झाले की तीच पोटरीभर पातळी लाटांमुळे मांडीपर्यंत उडते. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर आकडा सारखाच असतानाही सकाळ बरी.

निघायचं कधी, परतायचं कधी

ओहोटी ते भरती हा प्रवास सहा तासांहून थोडा जास्त, पण पाणी दर तासाला सारखं चढत नाही. एकूण फरकाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उतरतानाही हाच क्रम.

समजा तक्त्यात सकाळी ९:२० ला ०.६ मीटर ओहोटी आहे आणि दुपारी ३:३० ला ४.२ मीटर भरती. फरक ३.६ मीटर, एक भाग म्हणजे ३० सेंटिमीटर. साडेदहाच्या आत पाणी जेमतेम फूटभर चढलेलं असेल आणि ‘अजून कुठे काही आहे’ असं वाटेल. पुढच्या तासात ते साठ सेंटिमीटर चढतं, त्याच्या पुढच्या तासात नव्वद. म्हणजे सव्वाअकराला वाटेवर सकाळपेक्षा नव्वद सेंटिमीटर पाणी जास्त आणि सव्वाबाराला एक मीटर ऐंशी. पहिला तास पाणी सुस्त असतं. अडकतात ते बहुतेक या सुस्तीला फसलेले.

म्हणून वरच्या उदाहरणात आखणी अशी करा. किनारा सोडायचा ८:०५ ला, म्हणजे ओहोटीच्या सव्वा तास आधी. पाणी अजून उतरत असतं, तेव्हा चुकलं तरी दर मिनिटाला परिस्थिती सुधारतच असते. वीस-पंचवीस मिनिटांत दरवाजा. किल्ल्यात साधारण ऐंशी मिनिटं. ९:५० ला, ओहोटीनंतर अर्ध्या तासात, दरवाजाबाहेर. सव्वादहाला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर. फोनवर ९:४० चा गजर लावून ठेवा. सोबत सात-आठ जण असतील तर ९:३० चा, कारण एवढ्या माणसांना गोळा करून फोटो आटपेपर्यंत दहा मिनिटं जातातच.

मुंबईहून येत असाल तर हे गणित उलटीकडून मांडा. गेटवेहून मांडव्याला लाँच, मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर, एसटी स्टँडपासून किनारा चालत पंधरा मिनिटं. गेटवे सोडल्यापासून दोन-अडीच तास धरा. नऊच्या ओहोटीसाठी पहाटेची पहिली लाँचही घाईची होते. आदल्या रात्री मुक्कामाला या. दुपारी तीनची ओहोटी एका दिवसात जमते, फक्त मांडव्याहून परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून रो-रो बोट आहे, तिच्यात गाडीही येते. रस्त्याने यायचं तर पेण-वडखळ मार्गे. वडखळच्या आसपास सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात आणि समुद्र तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून तासभर जास्त ठेवा.

पायात काय, हातात काय

अनवाणी जाऊ नका. पहिला अर्धा भाग घट्ट वाळूचा असल्यामुळे लोक चपला हातात घेतात आणि पुढे खडक लागला की पाय कापून घेतात. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा धारदार असतात. खाऱ्या पाण्यात काप लगेच जाणवत नाही, रक्त दिसल्यावरच कळतं. साध्या चपला चिखलात अडकून तुटतात. मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने लेसचे बूट उत्तम. हिरव्या शेवाळावर कुठलाच तळवा टिकत नाही, तिथे पाय द्यायचाच नाही. खडबडीत, पांढुरके ठिपके असलेला दगड शोधायचा.

हातात कमरेएवढी काठी घ्या. पुढच्या डबक्याची खोली ती सांगते. फोन आणि पैसे तोंड घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी खिशात न ठेवता गळ्यात. माणशी लिटरभर पाणी, टोपी. किल्ल्यात सावली बेताचीच आहे. आत गोड्या पाण्याचे साठे आहेत, पण पिण्याचं पाणी तुमचं तुम्ही आणा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.

वाट

किनाऱ्यावरून किल्ला समोरच दिसतो म्हणून नाकासमोर चालू नका. आधी पाच मिनिटं उभं राहून घोडागाड्या कुठून जातात ते बघा. त्या रोज जातात, त्यांची चाकोरी ही त्या दिवसाची सगळ्यात उथळ आणि घट्ट वाट. वाळू दर पावसाळ्यात सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीची वाट यंदा तिथेच असेल असं नाही.

वाटेत मधे खोलगट पट्टा लागतो. ओहोटीलाही सगळ्यात शेवटी तो रिकामा होतो आणि भरतीला सगळ्यात आधी भरतो. परतताना पाणी समुद्राकडून चाल करून येताना दिसेल अशी वाट पाहत बसणारे इथे चुकतात: किल्ल्याच्या पायथ्याचा खडक कोरडाच असतो, पण मागे या पट्ट्यात पाणी शिरलेलं असतं. जाताना या पट्ट्यातलं पाणी पायाच्या कुठल्या खुणेपर्यंत येतं ते लक्षात ठेवा. पोटरीपर्यंत असेल तर परतीला थोडी जागा आहे. जातानाच गुडघ्याच्या वर असेल तर तिथूनच मागे फिरा.

चालायचं नसेल तर घोडागाडी आहेच, थोडं पाणी असतानाही ती जाते. भाडं जाऊन-येऊन ठरवा आणि परतीची वेळही तेव्हाच पक्की करा. भरतीच्या वेळी हंगामात बोटी सुटतात. जून ते सप्टेंबर मात्र या वाटेला जाऊच नका. पावसाळ्यात तक्त्यातला आकडा कितीही छान असला तरी वारा आणि लाटा तो खोटा ठरवतात, आणि बोटीही बंद असतात.

स्वतःची गाडी ओल्या वाळूवर घालायचा मोह काही जणांना होतो. वरून टणक दिसणारी वाळू चाकाखाली भिजून मऊ होते, चाक फिरवलं की खड्डा खोल होतो, आणि गाडी काढणारा ट्रॅक्टर येईपर्यंत भरती इंजिनापर्यंत पोचते. कोकणात हे दर हंगामात घडतं.

किल्ल्यात ऐंशी मिनिटं

आत शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेरच द्या, कारण तटाचा पाया ओहोटीलाच नीट दिसतो. मोठमोठे दगड चुना न भरता एकमेकांवर बसवलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथे मोडतो आणि पाणी परत वाहून जातं. चुन्याने बंद केलेली सपाट भिंत हा मार सरळ अंगावर घेते. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांत, मार्च १६८० मध्ये, हे काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांनी पुढच्या वर्षी ते पुरं केलं. नंतर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

महाद्वारातून आत गेल्यावर आधी सिद्धिविनायकाचं मंदिर करा. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं हे गणेश पंचायतन आहे, शेजारी तलाव. मग तटावर चढून उत्तरेकडे चालत जा. तिथे चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. उत्तरेच्या टोकासमोर छोटा सर्जेकोट किल्ला. त्याच्याकडे जाणारा दगडी बांध निसरडा आहे आणि तिथे सहज अर्धा तास जातो. वेळेत नसाल तर तो तटावरूनच बघा. समुद्राकडचा दरवाजा पंधरा मिनिटांत होतो.

उशीर झालाच आणि खोलगट पट्ट्यात पाणी मांडीच्या वर दिसलं, तर उतरू नका. भरतीचं पाणी ओढतं, खाली खडक दिसत नाहीत आणि एक जण घसरला की त्याला धरायला दुसरा जातो. किल्ल्यात परत जा, तटावर बसा, ११२ ला फोन करा. हंगाम असेल तर बोट येऊ शकते. नाही आली तर वाट पुन्हा उघडायला निदान नऊ तास तरी लागतात. कंटाळवाणे तास आहेत, पण कोरडे आहेत.

खडकातली डबकी

पाणी उतरल्यावर खडकांच्या खळग्यांत उरलेली डबकी बघायची असतील तर वेगळा वेळ काढा. किल्ला आणि डबकी एकाच ओहोटीत नीट होत नाहीत. डबक्याजवळ जाऊन दोन मिनिटं सावली न पाडता उकिडवं बसा, मगच खेकडे आणि छोटे मासे बाहेर येतात. दगड उलटलात तर हलक्या हाताने पुन्हा तसाच ठेवा; खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात तासाभरात वाळून जातात. जिवंत शंख उचलू नका. शंकूच्या आकाराचे काही शंख विषारी डंख मारतात.

गढूळ उथळ पाण्यात पाऊल उचलून न टाकता तळाला घासत पुढे सरकवा. वाळूत पाखट, म्हणजे शेपटीला काटा असलेली चपटी मासळी, बसलेली असली तर ती सरकून जाते. वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जायचं, कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

बंदर आणि मासळी

ओहोटीचा दुसरा चेहरा खाडीकडे आहे. साखर-आक्षी या गावांच्या बाजूला खाडीतल्या होड्या पाणी गेलं की गाळात टेकतात, काही एका कुशीवर कलतात. हाच त्यांच्या डागडुजीचा वेळ: बुडाला चिकटलेलं खरवडणं, फटी बुजवणं, रंग. बघायचं तर काठावरून बघा. गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि दोरखंड ओलांडताना होडी कधी हलेल सांगता येत नाही. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीवर, बोंबील वाळत असतील तर खालून जाऊ नका. वाळत घातलेल्याला हातही लावू नका, तो विक्रीचा माल आहे.

मासळी ओहोटीला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. खाडीत शिरायला होडीला पाणी लागतं, म्हणून ताजी मासळी चढत्या पाण्याबरोबर येते. वरच्या उदाहरणातल्या दिवशी ती वेळ दुपारी दीड-दोननंतरची. सकाळी किल्ला, दुपारपर्यंत आंग्र्यांच्या समाध्या किंवा हिराकोट किल्ला, मग बंदर असा क्रम लावा. कल्ला उघडून लाल आहे का, डोळा वर आलेला आहे का, अंग दाबल्यावर खळगा भरून येतो का, एवढं बघा आणि मावशींशी भाव करा. पहिला भाव थोडा चढाच असतो. मुंबईला न्यायची असेल तर साफ करून घ्या, थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. वितळलेलं पाणी जायला तळाला भोक हवं आणि पेटीखाली ताट हवं, नाहीतर लाँचमध्ये शेजारी बसलेला माणूस मांडव्यापासून गेटवेपर्यंत तुमच्याकडेच बघत राहील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं म्हणून जे यांत्रिक बोटीचं समोर येईल ते बर्फातलं समजा.